ऐंशी किलोंचा हिशोब

पहाटे साडेपाच

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारचं गिऱ्हाईक बहुतेक कामाचं. रविवारी कारागीर, हौशी, बघे आणि घर आवरायला काढलेले असे सगळेच लोटतात, म्हणून जड माल मी रविवारी बाहेर काढतो. आज टेम्पोत दोन बेंच वाइस, हाताने फिरवायचा भाता आणि पान्यांच्या पेट्या आहेत. ऐरण एकही नाही. ती आज गिऱ्हाइकाकडूनच यायची आहे, तसा काल फोन येऊन गेलाय.

जुनी अवजारं विकणं हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. ऐरण मी शक्यतो विकत घेत नाही, मालकाच्या वतीने विकून देतो. त्यात एक गोम आहे. मी विकत घेणारा झालो तर भाव पाडण्यात माझा फायदा, आणि टक्क्याने दलाली घेतली तर चढवण्यात. म्हणून ऐरणीमागे ठरलेले सातशे रुपये, तेही विकली गेली तरच, आणि फक्त विकणाऱ्याकडून. मग भाव कुठेही लागो, माझ्या खिशाला फरक पडत नाही. हिशोब मोठ्याने करायला मी मोकळा.

तपासायचं सामान वेगळ्या पिशवीत असतं: तारेचा ब्रश, खडू, पोलादी फूटपट्टी, बॅटरी, झिजलेली बारीक कानस, अर्ध्या किलोची हातोडी आणि बेअरिंगमधली एक इंचाची गोळी. दीडशे किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा टेम्पोतच असतो.

सकाळी सात

ताडपत्री अंथरली, माल मांडला. भवानी व्हायच्या आत दोन आकडे वहीत लिहून ठेवतो. पहिला भंगाराचा. ओळखीच्या भंगारवाल्याने आज लोखंडाचा भाव किलोला ३२ रुपये सांगितला. दुसरा नव्या ऐरणीचा. बोहरी आळीतल्या एका व्यापाऱ्याकडून काल संध्याकाळीच विचारून घेतलाय: ओतीव पोलादाची, माथ्याला पाणी दिलेली, किलोला १७० रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

कुठल्याही जुन्या ऐरणीचा भाव या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. भंगाराच्या खाली कुणी विकू नये, कारण तेवढे पैसे कोपऱ्यावर मिळतात. नवीच्या वर कामाचा माणूस जात नाही, कारण तेवढ्यात नवी येते. त्या वर जाणारा असतो तो संग्रह करणारा किंवा शोभेला ठेवणारा, आणि त्याचा हिशोब निराळा.

भांडणं होतात ती दोघे दोन वेगवेगळी टोकं धरून येतात म्हणून. घेणारा भंगाराचा भाव डोक्यात ठेवून येतो. विकणारा मोबाइलवर कुठल्यातरी जाहिरातीतला आकडा पाहून येतो. अमेरिकेत ‘फोर्ज्ड इन फायर’ हा सुऱ्या-तलवारी घडवण्याच्या स्पर्धेचा टीव्ही कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. तिकडे हौशी लोहारांची गर्दी वाढली, तशा जुन्या विलायती ऐरणींच्या किमतीही चढल्या. ते डॉलर रुपयांत मोजून इथला माणूस दीड लाख सांगतो. पण जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. ऐरण त्या भावाला गेली की अजून तिथेच पडून आहे, हे जाहिरात सांगत नाही. माझ्या वहीत फक्त झालेले सौदे असतात.

सकाळी नऊ

भोरकडून जीप आली. मागे गोणपाटात गुंडाळलेली ऐरण, तिच्या बाभळीच्या ओंडक्यासकट. बरोबर चाकणच्या कंपनीत काम करणारा तिशीचा मुलगा आणि त्याची आई. वडील होते तोवर भट्टी चालू होती. आता फाळ पाजवायला कुणी येत नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, खुरपी-विळे आठवडी बाजारात तयार मिळतात, आणि बलुत्याचं धान्य तर त्याच्या आजोबांच्या वेळीच आटलं.

मुलाने खिशातून मोबाइल काढला.

“भाऊ, हे बघा. हीच कंपनी. दीड लाख.”

“आणि गावात काय बोलले?”

“भंगारवाला चोवीसशे म्हणाला.”

म्हणजे किलोला तीस. टोकं दोन्ही समोर आली, हे बरंच झालं.

आईने पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. सासऱ्यांनी ही ऐरण एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली होती, त्याची पिवळी पडलेली पावती. अडीचशे रुपये. मी ती परत नीट घडी करून दिली आणि सांगितलं, “मावशी, हा कागद जपा. माल तुमचा आहे याचा हा पुरावा. पण यावरचा आकडा आज धरायचा नाही.” घेताना काय पडलं याचा आजच्या भावाशी संबंध नसतो. स्वस्तात घेतली म्हणून स्वस्तात द्यावी असं नाही आणि महागात घेतली म्हणून कुणी जास्त देत नाही.

सकाळी साडेनऊ

दोघांनी दोर लावून ऐरण ओंडक्यावरून उतरवली आणि काट्यावर ठेवली. ७९ किलो ४०० ग्रॅम.

मग ब्रश. पुढच्या बाजूला कमरेत एक चौकोनी भोक असतं. अशी भोकं घडवलेल्या ऐरणीला असतात, तापलेला गोळा त्यात सळई खुपसून फिरवता यावा म्हणून. त्या भोकात हळद-कुंकू घट्ट बसलं होतं, गेल्या खंडेनवमीचं. मी थांबलो. बाईंनी स्वतःच बोटाने ते खरवडून काढलं आणि म्हणाल्या, “घासा आता.”

कुशीवर गंजाखालून अक्षरं निघाली. पीटर राईट. इंग्लंडमधल्या डडली गावचं घराणं. पुढच्या आणि मागच्या पायावर छोटी सपाट पायरी असते, ती या घराण्याची ओळख, आणि ती इथे होती. अक्षरांखाली टिंबांनी तोडलेले तीन आकडे: १ · २ · १०.

“मॉडेल नंबर ना?” मुलाने विचारलं.

नाही, वजन. जुन्या विलायती ऐरणीवर ते असंच कोरत. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. ११२ अधिक ५६ अधिक १० म्हणजे १७८ पौंड. पौंडाला ०.४५३६ किलो धरलं की ८० किलो ७४० ग्रॅम. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ पासून लागू होऊ लागली, पण जुना विलायती माल असाच वाचावा लागतो. हे तीन आकडे सरळ १२१० पौंड असे वाचून भाव सांगणारेही भेटतात.

कोरलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत साधारण सव्वा किलोचा फरक. थोडा कोरतानाचा ढोबळपणा, थोडी कडांची झीज. फरक चार-पाच किलो असता तर मी आधी तळ आणि शेपूट तपासली असती, कुठे तुकडा उडालाय का ते.

नावाबद्दल एक सांगून टाकतो. शेफिल्डची माउसहोल, स्वीडनची कोल्स्वा, ही पीटर राईट, ही चांगली नावं. नावामुळे ऐरण लवकर विकली जाते. पण मी नावाचे पैसे लावत नाही. शंभर वर्षांत एकदा आगीत सापडली असेल तर तीच पीटर राईट नरम पडते, आणि नाव तसंच राहतं.

सकाळी दहा

आता कान. ऐरण जमिनीवरून उचलून लाकडाच्या एका फळकुटावर ठेवली आणि माथ्यावर हातोडीने बोटबोट अंतराने टकटक करत गेलो. पीटर राईटसारख्या ऐरणींचा देह घडीव लोखंडाचा असतो आणि माथ्यावर साधारण अर्ध्या इंचाचा पोलादी पत्रा भट्टीतच ठोकून जोडलेला. जोड पक्का असेल तर आवाज ठणठणीत आणि लांब जातो. पत्रा कुठे सुटला असेल तर तेवढ्याच जागी बद्द येतो. इथे शिंगापासून शेपटीपर्यंत एकसारखा निघाला. मग बॅटरीने कडेची रेघ पाहिली, केसाएवढीही फट नव्हती.

पण निव्वळ आवाजावर मी सौदा करत नाही. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या फिशर ऐरणी बिडाच्या देहावर पोलादी माथा बसवून केलेल्या. त्या जवळजवळ मुक्या, तरी माथा कडक. उलट आगीतून निघालेली घडीव ऐरण नरम पडूनही छान वाजते. शिवाय ओंडक्याला साखळीने आवळलेली कुठलीही ऐरण कमीच वाजते.

म्हणून गोळी. पट्टी उभी धरायची, दहा इंचांवरून गोळी नुसती सोडायची आणि ती परत किती इंच उसळते ते पाहायचं. दहा इंचच का, तर आठ इंच उसळली की टक्केवारी आपोआप ऐंशी. सात ते नऊ इंच म्हणजे माथा चांगला. पाचाच्या खाली म्हणजे नरम. त्यावर घणाचा निम्मा जोर ऐरणच गिळते आणि माणसाचा दंड दुखतो. साध्या बिडावर गोळी दोन-तीन इंचच उठते.

मधोमध आठ. शिंगाजवळ सव्वाआठ. अलीकडच्या कडेला साडेसात. शेपटीवर, माथ्यावरच्या चौकोनी भोकाशेजारी, साडेसहा. प्रत्येक जागी खडूने आकडा लिहिला. झाकायचं काही नाही, गिऱ्हाईक आल्यावर त्यानेही तेच वाचावं.

बाई इतका वेळ उकिडव्या बसून पाहत होत्या. नवरा सांडशीत लोखंड धरायचा आणि घण त्या मारायच्या. लोहाराच्या घरात हे नेहमीचंच. त्यांनी पलीकडच्या कडेवर बोट ठेवलं. “हितं आमी कधी मारत न्हवतो. ह्या बाजूला ढपली उडलीया.”

मी तिथे गोळी टाकायच्या आधीच त्यांनी ते सांगितलं होतं.

सकाळी अकरा

पट्टी माथ्यावर आडवी ठेवून पलीकडून बॅटरी धरली. मधे उजेडाची फट, जास्तीत जास्त दोन मिलिमीटर. वर्षानुवर्षं एकाच जागी घण पडला की माथ्याला असा खळगा येतो. सुऱ्या घडवणाऱ्याला तो नको असतो. फाळ-कोयत्याच्या कामाला त्याचा त्रास होत नाही, उलट वाकडी पात सरळ करताना किंचित खोलगट जागा उपयोगीच पडते.

कडांवर अलीकडची धड, पलीकडची दोन इंच लांबीत फुटलेली. वेल्डिंगची डागडुजी कुठेच नाही, ही जमेची बाजू. शेवटी कानस: माथ्यावर घासली तर घसरत गेली, चावली नाही.

मग वहीचं पान उघडं ठेवून हिशोब मांडला. मोठ्याने, मुलाला एकेक ओळ वाचून दाखवत.

नवी ८० किलोंची, १७० रुपयांनी १३,६००. जीएसटी २,४४८. दुकानातून भट्टीपर्यंत आणायचे साडेचारशे. म्हणजे नवी दारात पडते साधारण १६,५००.

जुनी आहे, बिल नाही, हमी नाही: चार हजार वजा. एवढेच का, असं मुलाने नाही, शेजारच्या दुकानदाराने विचारलं. मोटार किंवा ड्रिल मशीन असती तर मी निम्म्याहून जास्त कापले असते. ऐरणीत फिरणारा भागच नाही. माथा शाबूत असेल तर ती आणखी दोन पिढ्या काम देते. चौथाईच्या आसपास पुरे.

फुटलेली कड: एक हजार वजा. खळगा: पाचशे वजा. ओंडका: बाभळीचा, पट्ट्या मारलेला, ऐरणीच्या बुडाला बसेल असा कोरलेला. तो नव्याने करायचा तर सुतार आणि लाकूड दोन्ही शोधावं लागतं. पाचशे अधिक.

११,५००.

मुलाचा चेहरा पडला. दीड लाखावरून उतरायला वेळ लागतोच. बाईंनी मात्र पहिली गोष्ट विचारली ती अशी: “भंगारवाल्यानं चोवीसशे कशाचं लावलं वो?” मी म्हटलं, “लोखंडाचे. त्याने वजन बघितलं, ऐरण नाही.”

दुपारी साडेबारा

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यामुळे कोयते घडवणाऱ्यांची ही घाईची वेळ. नगरकडचा एक लोहार दर वर्षी या सुमाराला चक्कर मारतो. खडूचे आकडे वाचत त्याने ऐरणीला फेरी घातली, आणि गोळी मागून घेऊन सगळ्या जागा पुन्हा तपासल्या. हे मला आवडतं. माझ्या शब्दावर घेणारा नंतर माझ्याच शब्दावरून भांडतो.

“शेपूट नरम आहे, भाऊ. साडेसहा. हजार कमी करा.”

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “शेपटीखाली लोखंड किती हाय, दादा? खाली पोकळ. वर भोक. तितं कुटलीबी ऐरण कमीच उसळती. तुमची सध्याची बघा टाकून.”

तो हसला. बरोबर होतं ते. शिंग आणि शेपूट यांच्याखाली देह नसतो, म्हणून तिथली उसळी मधल्याशी ताडायची नसते. तो आकडा नरमपणाचा नाही, घडणीचा. त्याने हजाराची गोष्ट सोडली. खळग्याचे पाचशे मी आधीच धरले होते, तेही त्याने पाहिले. हिशोब समोर उघडा असला की घासाघीस एकेका ओळीवर होते, माणसावर होत नाही.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. हॉटेलांची आतली सजावट करणारा तरुण. त्याने गोळीही मागितली नाही, खडूही वाचला नाही. अक्षरांचा फोटो काढला आणि म्हणाला, “पंधरा हजार.”

मुलगा एकदम सरळ बसला.

आता मी काय करायचं? ११,५०० हा कामाच्या माणसासाठीचा भाव. शोभेला ठेवणाऱ्याला ऐरण उसळते की नाही याच्याशी घेणं नाही, त्याला नाव आणि म्हातारपण हवं. त्याचे साडेतीन हजार जास्त खोटे नाहीत. ते मालकिणीपासून लपवून लोहाराला माल देणं ही तिची फसवणूक, आणि मी मधे पडून ‘कामाची वस्तू कामाच्या हाती जावी’ असं प्रवचन देणं ही तिच्या पैशाने केलेली माझी हौस. दोन्ही बोल्या तिच्यापुढे ठेवल्या.

“आत्ता पूर्ण देता?” तिने त्या तरुणाला विचारलं.

नाही. दोन हजार टोकन आत्ता. माल बाणेरला तिसऱ्या मजल्यावर पोच करायचा. उरलेले बिल लावल्यावर पंचेचाळीस दिवसांनी.

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. टेम्पो. तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं. माझे सातशे. पैसे मागायला पुन्हा पुण्याला एसटीने येणं, एकदा का दोनदा कुणास ठाऊक. “आनि बिल कुठलं आनू मी?” मुलगा म्हणाला, फोनवर मागू ना पैसे. ती म्हणाली, “मागून मिळत्यात व्हय?”

लोहाराकडे ११,५०० रोख होते आणि जीप होती. तिने त्याला हो म्हटलं. मग तरुणाकडे वळून स्पष्ट सांगितलं, “आत्ता पंधरा मोजलं असतं तर तुमालाच दिली असती.”

रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांत फरक असतो हे बाजारात पोरालाही माहीत असतं. तरी ऐरणीची किंमत सांगताना लोक किलो मोजतात, दिवस मोजत नाहीत.

दुपारी दोन

डबा: भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. दहा मिनिटांत उरकला, कारण एक आयटीवाला पोरगा पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याची ऐरण घेऊन उभा होता. पंचवीस किलो, निळा रंग, नवीकोरी, ऑनलाइन मागवलेली. सुऱ्या घडवायचा नाद लागलाय.

गोळी टाकली. अडीच इंच. शिंगावर हात फिरवला तर मधोमध साच्याच्या जोडाची रेघ. बीड. जोराचा घण चुकून कडेवर बसला तर तुकडा उडेल. मी त्याला सांगितलं, याचा भाव भंगारापेक्षा फार वर जाणार नाही, किलोला चाळीस मिळाले तर द्या. तो रागावला. “नवीन आहे हो!” नवेपणाचे पैसे तो आधीच देऊन बसला होता, पुढचं गिऱ्हाईक ते देणार नाही. पितळेची, तांब्याची थंड कामं करायला ती चालेल, असा सल्ला देऊन त्याला परत पाठवला. धड कड असलेली जुनी ऐरण आली तर कळवायला त्याचा नंबर लिहून घेतला.

चकचकीत ऐरणीची मला एकूणच भीती वाटते. खळगा दिसू नये म्हणून काही जण माथा मिलिंग मशीनवर सपाट करून आणतात. आरसा होतो अगदी. पण मुळात अर्धा इंच पत्रा, त्यातला तीन मिलिमीटर उडवला तर चौथाई पोलाद गेलं, आणि पोलाद सगळ्यात कडक असतं ते वरच्याच थरात. दिसायला दुप्पट, कामाला निम्मी. तीच गत घाईने वेल्डिंग करून भरलेल्या कडांची. ऐरण आधी नीट तापवून घेतली नाही तर भरावाशेजारी तडे जातात, आणि बेताबाहेर तापली तर आसपासचा माथा नरम पडतो. अशा कडेजवळ बोटबोट अंतराने गोळी टाकली की आठ, आठ आणि मग एकदम पाच असं काहीतरी निघतं. न दुरुस्त केलेल्या फुटक्या कडेला मी हजार कापतो. वाईट दुरुस्तीला तीन हजार.

दुपारी साडेतीन

एकाने मोटरसायकलवर दीड फूट रूळ आणला. ‘याची ऐरण होते, किती देता?’ होते, खरंच होते. मीटरला ६० किलोंच्या रुळाचा दीड फूट म्हणजे सत्तावीस किलोंच्या वर. आडवा ठेवला तर मधला पत्रा पातळ असल्याने तो स्प्रिंगसारखा नाचतो. उभा रोवून टोकावर ठोकलं तर सगळं वजन हातोडीखाली येतं आणि छोट्या कामाला फार छान चालतो.

मी विचारलं, “लिलावाचा कागद?”

नव्हता. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ या कायद्याखाली असा माल नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. किंमत शून्य. तो म्हणाला, “पलीकडे कुणीही घेईल.” घेईल. पण माझ्या हिशोबात कागद नसलेल्या मालाला पहिलीच ओळ लिहिता येत नाही. सकाळी त्या मावशींची पावती मी जपायला सांगितली होती ती एवढ्यासाठीच. ती आता मालाबरोबर लोहाराकडे जाईल.

संध्याकाळी पाच

लोहार जीप घेऊन आला. ऐंशी किलो दोघांना पेलतं, पण शिंगाला धरून उचलायचं नाही, हात निसटतो आणि ऐरण पायावर येते. कमरेला दोर, दोरात बांबू, दोन खांदे. आधी ओंडका चढवला, मग ऐरण.

पैसे बाईंच्या हातात मोजून दिले गेले. सातशे त्यांनी मला काढून दिले. मी साध्या कागदावर दोन प्रती लिहिल्या: वजन, कोरलेले आकडे, पाच जागांची उसळी, खळगा दोन मिलिमीटर, पलीकडची कड दोन इंच फुटलेली, ठरलेली किंमत, रोख. खाली दोघांच्या सह्या. दोष लिहून दिला की महिन्याने ‘कड फुटकी निघाली’ असा फोन येत नाही.

मुलगा निघताना जरा नाराजच होता. म्हणाला, “दीड लाखाची जाहिरात खोटी म्हणायची का?” मी म्हटलं, “खोटी नाही. वर्षभराने बघा, अजून असली तर समजा.”

रात्री आठ

वहीत आजचा सौदा चढवला. ७९.४ किलो, पीटर राईट, उसळी ८, ११,५००, म्हणजे किलोला १४५ रुपयांच्या आसपास. शेजारी लिहिलं: दसऱ्याआधी, रोख, ओंडक्यासह. खाली न झालेली बोलीही लिहिली: शोभेसाठी १५,०००, पंचेचाळीस दिवस. पुढच्या वेळी असा माणूस आला तर ऐरण ताब्यात देण्याआधी निम्मे रोख मागता येतील, आणि पोच त्याच्याकडे लावता येईल. हंगाम उलटल्यावर हाच माल दहा हजारांवरही अडून बसतो. दीडशे किलोंच्या वरची ऐरण तर किलोमागे आणखी स्वस्त जाते, कारण ती उचलून नेणारेच थोडे. हे सगळं वहीत आहे म्हणून मला ठाऊक. माझ्याकडे याहून मोठी विद्या नाही.

साडेआठला साताऱ्याहून फोन. “काका, वडिलांची ऐरण आहे. मोठी आहे. किती येतील?”

फोनवर आकडा सांगत नाही, म्हटलं. तारेच्या ब्रशने दोन्ही कुशी घासा आणि फोटो पाठवा. रंग लावू नका, ग्राइंडर तर अजिबात नको. काट्यावर वजन करा. गॅरेजवाल्याकडून बेअरिंगची गोळी घ्या, दहा इंचांवरून सोडा, पाच जागी किती उसळते ते लिहून काढा. माथ्यावर पट्टी ठेवा, खालून उजेड दिसतो का बघा. घरात जुनी पावती असेल तर शोधा. आणि पैसे कधी हवेत ते ठरवा, आठ दिवसांत की दिवाळीपर्यंत थांबता येईल.

“एवढं कशाला? तुम्ही अंदाजे सांगा ना.”

अंदाजाने सांगितलं तर तो माझा भाव होईल, म्हटलं. हे सगळं केलंत तर आकडा तुमचा तुम्हालाच काढता येईल, मग मी फक्त बेरीज तपासून देईन.